पाणी वाढले, पण हळदी-कुंकू बदकांची पिल्ले कुठे गेली?

सांडव्यावरून:

नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका गावात राहतो. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षे, गावच्या पाझर तलावावर सकाळची फेरी मारायची आणि दिसलेले पक्षी वहीत उतरवायचे, हा नेम मी बहुतेक पाळला आहे. आज विचारायचा प्रश्न त्या वहीतूनच निघाला आहे.

आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला, पसरट आणि उथळ. पावसाळ्यात भरायचा, संक्रांतीनंतर झपाट्याने आटायचा आणि एप्रिलमध्ये तळाला भेगा पडायच्या. अशा तलावातही हळदी-कुंकू बदकाच्या तीन-चार जोड्या दर पावसाळ्यात हमखास असत आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत केव्हा ना केव्हा मादीमागून पोहणारी पिल्लांची रांग दिसे. ज्यांना हा पक्षी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना कुंकवासारखे लालसर ठिपके असल्यामुळे त्याला हे नाव पडले आहे. हिवाळ्यात येणारे थापट्या, तलवार बदक हे पाहुणे मार्चपर्यंत निघून जातात, हळदी-कुंकू मात्र इथलेच.

चार वर्षांपूर्वी तलावातील गाळ काढण्याचे मोठे काम झाले. गाळ शेतात गेला, त्याखालचा मुरूम रस्त्याला आणि भरावाला गेला, आणि तीन बाजूंचे काठ यंत्राने तासल्यासारखे उभे झाले. त्याच सुमारास कालव्याच्या आवर्तनाचे पाणी तलावात घेण्याची सोय झाली. आता तलावात बारमाही पाणी असते, खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाझर लागतो, आणि गावाला आनंद आहे तसा मलाही आहे. परंतु गेल्या तीन पावसाळ्यांत मला पिल्लांची रांग एकदाच दिसली. तीन पिल्ले होती आणि आठवड्याच्या आत तीही दिसेनाशी झाली. मोठी बदके मात्र कमी झालेली नाहीत. उलट, मागच्या मे महिन्यात मी एका सकाळी त्रेचाळीस मोजली, जी बारा वर्षांतील सर्वांत मोठी संख्या आहे.

पाणी वाढले म्हणजे पाणपक्षी वाढणार, असे मी आजवर मुलांना वर्गात शिकवत आलो. माझे कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे. तलावाचा घेर साधारण दोन किलोमीटर आहे.

पाणकणीस:

गुरुजी, आपण प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग लिहून ठेवला आहे. ‘काठ यंत्राने तासल्यासारखे उभे झाले’ हे वाक्य पुन्हा वाचावे.

हळदी-कुंकू हे बुडी मारून खाणारे बदक नव्हे. ते पाण्यावर तरंगत चोचीने पृष्ठभाग चाळते, किंवा शेपूट आभाळाकडे करून डोके व मान पाण्यात घालते आणि तळाचे बी, कंद, कोंब, गोगलगायी टिपते. मान जितकी पोहोचेल तितकेच त्याचे ताट, आणि ते साधारण एक फुटाच्या आसपास संपते. त्याच्या दृष्टीने तलाव म्हणजे काठालगतचा हा उथळ पट्टा. त्याच्या आतले खोल पाणी हे फार तर कुत्र्या-माणसांपासून लांब बसून विश्रांती घेण्याचे ठिकाण.

आता या पट्ट्याचा हिशेब करू. काठाचा उतार शंभर मीटरला एक मीटर इतका सौम्य असेल, तर तीस सेंटिमीटर खोलीपर्यंतचा पट्टा तीस मीटर रुंद होतो. दोन किलोमीटर घेर धरला तर हे क्षेत्र साठ हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे पंधरा एकर भरते. तोच उतार यंत्राने दोन मीटरला एक मीटर केला, तर पट्टा साठ सेंटिमीटरचा उरतो आणि संपूर्ण घेराचे मिळून बारा गुंठ्यांच्या आसपास क्षेत्र राहते. तलावात पाणी कितीतरी पट वाढले, आणि बदकाच्या ताटात पंधरा एकरांचे बारा गुंठे झाले. माझे आकडे ठोकळमानाचे आहेत, कारण प्रत्यक्ष उतार आपणच मोजू शकाल.

मोठ्या बदकाचे यातूनही भागते. ते उडून रात्री भाताच्या किंवा उसाच्या पाणी भरलेल्या शेतात जाते, दुसऱ्या तलावावर जाते. पिल्लाचे तसे नसते. अंड्यातून बाहेर आल्यावर एखाद्या दिवसात ते पाण्यात उतरते आणि पुढचे सात-आठ आठवडे त्याला उडता येत नाही. मादी त्याला भरवत नाही. जे खायचे ते त्याने स्वतः शोधायचे असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला बियांपेक्षा किड्यांची गरज असते. गाळात वाढणाऱ्या न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या, पाणकिडे, बारीक गोगलगायी यांतून मिळणाऱ्या प्रथिनांवर त्याची हाडे आणि पिसे वाढतात. या अळ्या कुजलेला पाला, मऊ गाळ आणि पाणवनस्पती असतील तेथे वाढतात, उघड्या मुरमावर त्यांचा पत्ता नसतो. अंडी घालण्यापूर्वी मादीलाही हाच आहार लागतो, कारण आठ ते चौदा अंड्यांची प्रथिने आणि चुना तिच्या शरीरातून जायचा असतो. आपल्या तलावातील पहिला गाळ शेतात गेला, हे शेतीला उत्तम झाले. मात्र ज्या दुकानातून हे बदक बाळंतपणाचा किराणा भरत होते, ते दुकानच त्या गाळासोबत उचलले गेले.

आणखी दोन गोष्टी आपण सांगाव्यात अशी विनंती आहे. काठावर लव्हाळा, पाणकणीस, उंच गवत यांपैकी काही शिल्लक आहे का? आणि कालव्याचे आवर्तन कोणत्या महिन्यात येते?

भीमाकाठ:

मी उजनी धरणाच्या काठावरील भिगवणच्या बाजूचा आहे, त्यामुळे मोठ्या धरणाची बाजू मांडतो. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण ‘बारमाही पाणी’ हा मुद्दा त्यात राहून गेला, आणि माझ्या मते तो काठाच्या उताराइतकाच महत्त्वाचा आहे.

गुरुजींचा जुना तलाव दर उन्हाळ्यात आटत होता, ही उणीव नव्हती. उघड्या पडलेल्या गाळाला ऊन लागते, भेगांतून हवा आत जाते, अडकलेले अन्नद्रव्य मोकळे होते आणि गवत, लव्हाळा, पाणवनस्पतींचे बी रुजते. धरणाच्या बुडीत क्षेत्रातील शेतकरी पाणी मागे हटले की गाळपेर करतो आणि खताशिवाय पीक घेतो, तेव्हा तो याच गोष्टीचा फायदा घेत असतो. पुढच्या पावसात ही वाढ पाण्याखाली जाते, कुजू लागते आणि तिच्यावर किड्यांची जी झुंबड उडते ती नेमकी पिल्ले बाहेर पडण्याच्या वेळेला. जो तलाव कधीच आटत नाही त्यात हे चक्र मंदावते. शिवाय मासे वर्षानुवर्षे टिकून मोठे होतात आणि पिल्लांच्या वाट्याचे किडे तेच खातात. आमच्याकडे जाळ्यात भरपूर सापडणारी चिलापी आणि तळ उकरून पाणी गढूळ ठेवणारा सायप्रिनस हे दोन्ही मासे या बाबतीत वाईट. पाणी गढूळ झाले की तळापर्यंत उजेड पोहोचत नाही, आणि उजेड नाही तर पाणवनस्पती नाही.

आता मे महिन्यातील त्रेचाळीस बदकांविषयी. गुरुजींनी या आकड्याने आनंदित होऊ नये, असे मी नम्रपणे सुचवतो. उजनीवर आम्ही हे नेहमी पाहतो. जेव्हा इंदापूर, करमाळा, दौंड भागातील लहान तळी कोरडी पडतात तेव्हा त्यांवरची हळदी-कुंकू बदके धरणावर गोळा होतात. २०१५-१६ च्या दुष्काळात हे ठळकपणे जाणवले होते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्यातील जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा साठा, आहे. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्के’ असा मथळा येतो त्या दिवशीही अफाट पाणी पसरलेले असते. आजूबाजूच्या शंभर ठिकाणची बदके एका ठिकाणी दिसली तर मोजणाऱ्याला वाटते, संख्या वाढली. प्रत्यक्षात नव्वद ठिकाणे रिकामी झालेली असतात. स्थलांतरित बदकाला हिवाळा वाईट गेला तर दुसरा प्रदेश गाठण्याची सवय आणि ताकद असते. हळदी-कुंकू फार झाले तर काही तालुके ओलांडते. म्हणून आसपासची पाणथळ सोय हीच त्याची सगळी पुंजी.

मात्र उजनी त्यांना जगवते इतकेच. वाढवण्याचे काम तिथे फारसे होत नाही. पाण्याची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खाली-वर होत असल्यामुळे पाण्यालगतचा मोठा पट्टा बोडका राहतो, घरटे लपवायला आडोसा नसतो, आणि वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की काही दिवसांत पाणी शेकडो मीटर आत सरकते. माझ्या पाहण्यातील बहुतेक पिल्ले धरणावर नव्हे, तर ओढ्याच्या डोहात, गावतळ्यात, उसाच्या चारीलगतच्या डबक्यात होती. आमच्या भाषेत, धरण हे त्यांचे उन्हाळ्याचे बिऱ्हाड. माहेर ते गावतळेच. अशी गावतळी झपाट्याने बुजत आहेत आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे अस्तर लावलेली शेततळी येत आहेत. शेततळ्याच्या घसरड्या कडेवर पिल्लाला पाय ठरवता येत नाही, आणि तळाशी गाळ नसल्याने खायलाही काही नसते. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान जागा केवळ ठिपक्यांनी दाखवलेल्या आहेत, आणि या बदकाच्या दृष्टीने खरा नकाशा त्या ठिपक्यांचाच आहे.

गवताची काडी:

इतके खोल कारण शोधण्याची गरज आहे का? आमच्याही तलावावर पिल्ले कमी झाली आणि त्याचे कारण मला तरी सरळ दिसते: मोकाट कुत्री आणि तंगूसची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी. मागच्या वर्षी एका घरट्यावर कुत्र्यांनी झडप घातलेली मी स्वतः पाहिली. पाणी, उतार, अळ्या हे सारे ठीक आहे, पण शत्रू वाढले की पिल्ले कमी होणारच.

पाणकणीस:

आपले निरीक्षण बरोबर आहे, परंतु ते पाण्याच्या स्थितीपासून वेगळे करता येणार नाही. हे बदक जमिनीवर, गवताच्या गचपणात घरटे करते. गवताचा पट्टा शे-दीडशे पावले रुंद असेल तर कुत्र्याला, मुंगसाला किंवा घोरपडीला घरटे सापडणे नशिबाचा भाग असतो. तोच पट्टा भराव आणि पाणी यांच्यामध्ये चार पावलांचा उरला, तर कुत्र्याने एकदा काठाने चक्कर मारली की एकही घरटे सुटत नाही. पिल्लांचेही तसेच आहे: लव्हाळ्याच्या बेटात शिरलेले पिल्लू डोमकावळ्याला दिसत नाही, उघड्या पाण्यावरचे दिसते. कुत्री पूर्वीही होती, लपायला जागा होती.

जाळ्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की विणीनंतर मोठी बदकेही पंखांची सगळी पिसे एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. त्या काळात ती आडोशाला, काठालगत असतात, आणि तंगूसची जाळीही नेमकी तिथेच लागतात.

ह्यूस्टनकर:

हा धागा वाचून राहवले नाही, कारण मी राहतो त्या टेक्सासच्या किनाऱ्यावर याच प्रश्नाची जवळपास तशीच आवृत्ती आहे. येथे मॉटल्ड डक नावाचे बदक आहे. ते दिसायला हळदी-कुंकूच्या चुलत भावासारखे तपकिरी, त्याच वंशातील, आणि उत्तर अमेरिकेतील इतर बहुतेक बदके करतात तशी कॅनडा-मेक्सिको ये-जा न करणारे. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यालगतच्या दलदलीत ते बारमाही असते. फ्लोरिडात त्याची वेगळी वस्ती आहे.

स्थलांतर न करणाऱ्या बदकाचे नशीब स्थानिक पावसाशी किती घट्ट बांधलेले असते, हे येथे २०११ साली दिसले. त्या वर्षी टेक्सासमध्ये भीषण दुष्काळ होता. अनेक माद्यांच्या अंगावर संशोधकांनी रेडिओ-यंत्रे बसवलेली होती, त्यामुळे त्यांच्या हालचाली समजत होत्या. ओल्या वर्षांच्या तुलनेत त्या वर्षी फारच थोड्या माद्या घरटे करण्याच्या फंदात पडल्या. दुष्काळात मोठी बदके मरतातच असे नाही. बऱ्याचदा ती ते वर्ष सोडून देतात. बाहेरून पाहणाऱ्याला तितकीच बदके दिसतात, आणि काही वर्षांनी जुनी बदके संपू लागली की अचानक संख्या ढासळल्यासारखे वाटते. गुरुजींच्या तलावावर मोठी बदके दिसत असूनही पिल्ले नाहीत, हे वाचून मला पहिल्यांदा हेच आठवले.

दुसरी गोष्ट खारेपणाची. वाहतुकीसाठी आणि तेलासाठी खणलेल्या कालव्यांमुळे येथील गोड्या दलदलीत समुद्राचे पाणी आत शिरू लागले. सप्टेंबर २००८ मध्ये आइक चक्रीवादळाची लाट ॲनाहुआक अभयारण्यावर आली तेव्हा तर एका रात्रीत मोठा भूभाग खारट झाला. मोठे बदक खारट पाणी बरेच सहन करते. पिल्लांवर मात्र नियंत्रित प्रयोग झाले, तेव्हा पाण्यात दर हजारी ९ भाग क्षार असताना त्यांची वाढ खुंटू लागली आणि १८ भागांना ती जगली नाहीत. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५ असते. शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी पिल्लांत पुरेशा वाढलेल्या नसतात, हे त्याचे कारण. दख्खनच्या पाझर तलावात एवढा खारेपणा असण्याचे कारण नाही, तेव्हा हा आकडा तेथे लावू नये. सांगायचा मुद्दा एवढाच की जे पाणी मोठ्या बदकाला चालते ते पिल्लाला चालतेच असे नाही, आणि पाणथळीची परीक्षा पिल्लाच्या बाजूने घ्यावी लागते.

येथील अभयारण्यांत आता पाण्याच्या पातळीचेच व्यवस्थापन करतात. बांध घालून वेगळ्या केलेल्या खाचरांतून ठरावीक काळात पाणी हळूहळू काढून घेतात, ओल्या मातीवर गवत उगवू देतात, आणि नंतर पुन्हा पाणी सोडतात. भीमाकाठ यांनी सांगितलेली गाळपेरीची युक्तीच ती. कुठल्याशा माहितीपत्रकात हे वाचले तेव्हा मला आजोबांच्या कुळाकडची गाळपेरीची कलिंगडे आठवली होती.

धानपट्टा:

गोंदियाहून लिहीत आहे. आमच्याकडे भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव आणि शेताच्या डोक्यावरच्या बोड्या (लहान तळी) ही जुनी व्यवस्था आहे. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेल्या या तलावांची रचना पाहिली तर वरचे सगळे प्रतिसाद एका नजरेत समजतात. पाळीजवळ पाणी खोल, आणि तेथून वरच्या अंगाला इतका सावकाश उथळ होत जाणारा तळ, की तलाव कुठे संपला आणि धानाची बांधी कुठे सुरू झाली हे पावसाळ्यात सांगता येत नाही. त्या वरच्या अंगाला देवधान (रानटी भात), लव्हाळा, कमळवर्गीय वनस्पती असतात, आणि बदके, पाणकोंबड्या, काही ठिकाणी सारससुद्धा तेथेच दिसतात. तलाव धानाला पाणी देता देता हिवाळ्यानंतर आपसूक खाली उतरतो.

येथेही बिघाड झालाच. बेशरमच्या झाडोऱ्याने उथळ भाग व्यापला, गवत खाणारा ग्रासकार्प सोडला गेला आणि पाणवनस्पती गेल्या. बेशरम दाट असते म्हणून बदकाला आडोसा मिळत असेल असे वाटेल, पण त्याखाली खायला काही उगवत नाही. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणी ढीवर मच्छीमारांच्या संस्थांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटले, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती हाताने लावल्या. त्यांचा हेतू स्थानिक मासा परत आणण्याचा होता. पक्षी त्यामागून आले. गुरुजी, आपल्या गावातील मच्छीमारांशी बोलताना बदकाच्या नावाने सुरुवात करू नका. माशाच्या नावाने करा, कारण ज्या उथळ पट्ट्यात पिल्ले वाढतात त्याच पट्ट्यात मरळ आणि इतर स्थानिक मासे वीण घालतात.

सांडव्यावरून:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रश्न विचारून तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत सांगितलेली मोजमापे केली, ती येथे देतो.

दहा-दहा सेंटिमीटरवर लाल रंगाच्या रेघा मारलेली बांबूची काठी घेऊन नातवासह काठ पालथा घातला. यंत्राने तासलेल्या बाजूला दुसरे पाऊल टाकले की पाणी मांडीला लागते. स्मशानभूमीकडचा कोपरा मात्र लोकांच्या आक्षेपामुळे उकरलेला नाही. तेथे तीस सेंटिमीटरची रेघ भिजेपर्यंत मला बावीस पावले आत जावे लागले, म्हणजे सोळा-साडेसोळा मीटर. पाणकणीस यांच्या हिशेबात त्यामुळे दुरुस्ती करावी लागेल. शिवाय दोन किलोमीटरच्या घेरातील सुमारे चारशे मीटर हा दगडी भराव आहे, तेथे उथळ पट्टा पूर्वीही नव्हता. उरलेल्या सोळाशे मीटरांवर पूर्वी सगळीकडे या कोपऱ्यासारखा उतार होता असे धरले, तर जुने उथळ क्षेत्र साडेसहा एकर भरते, आणि सगळाच काठ तासला असता तर साडेनऊ गुंठे उरले असते. पंधरा एकर नव्हते, पण गेले ते थोडेही नाही.

आवर्तनाविषयी विचारले होते. वहीत पाहिले, तर गेल्या तीनही वर्षी सप्टेंबरमध्ये पाणी आले आहे. मागच्या वर्षी घाटाच्या चार पायऱ्या दोन दिवसांत बुडाल्या, म्हणजे पाणी तीन फूट चढले. मी आता असा हिशेब करतो: मादी रोज एक याप्रमाणे दहा अंडी घालणार, त्यानंतर चोवीस दिवस उबवणार, म्हणजे घरटे एकाच उंचीवर जवळजवळ पाच आठवडे सुरक्षित राहायला हवे. पोळ्याच्या सुमारास घातलेल्या अंड्यांची मुदत पुरी होण्याआधीच आवर्तन येते. जो एक कोपरा न उकरता राहिला तो सर्वांत सखल असल्यामुळे पहिल्यांदा तोच बुडतो. मी दरवर्षी तेथे पिल्लांची वाट पाहत बसत होतो.

आणखी एक गोष्ट, जी मला तीन वर्षे दिसली नव्हती कारण मी कधी पाठ वळवून पाहिलेच नाही. भरावाच्या पलीकडे, पाझर निघतो तेथे, अर्ध्या एकराचे डबके झाले आहे. पाणकणीस माजले आहे, म्हशी बसतात, वास येतो, आणि पाणी गुडघ्याच्या वर कुठेही नाही. परवा सकाळी सात वाजता म्हशींच्या मागून मादी बाहेर आली. तिच्यासोबत सहा पिल्ले होती, पिसे फुटू लागलेली. एक पिल्लू म्हशीच्या पाठीवरून पाण्यात घसरले, आणि मादीने मला पाहून सगळ्यांना पाणकणसात ओढून नेले. आमच्या पंचायतीच्या कागदावर हे डबके ‘मुरूम टाकून बुजवणे’ या कामाच्या यादीत आहे.

मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांशी माशाच्या नावाने बोललो. स्मशानभूमीच्या कोपऱ्यात ऑगस्ट ते डिसेंबर जाळे न लावण्यास ते राजी आहेत, सायप्रिनसविषयी मात्र ‘पाहू’ म्हणाले. आवर्तन पंधरा ऑगस्टच्या आत किंवा दिवाळीनंतर घेता येईल का, असा अर्ज दिला आहे. डबक्याचा विषय ग्रामसभेत मांडणार आहे.

एक शेवटचा प्रश्न: पुढच्या वर्षी सुधारणा झाली की नाही, हे ठरवण्यासाठी मी नेमके काय मोजावे?

भीमाकाठ:

मोठी बदके मोजत राहा, पण निष्कर्ष त्यावरून काढू नका. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणना आपल्या देशात १९८७ पासून होते आणि ती मोलाची आहे. तथापि तिचा महिना हिवाळी पाहुण्यांच्या सोयीचा आहे. आपल्या प्रश्नासाठी ऑगस्ट ते जानेवारी दर दहा दिवसांनी एक फेरी ठेवा आणि तलाव, डबके व जवळपासचे ओढे एकाच सकाळी पाहा, म्हणजे एकच कुटुंब दोनदा मोजले जाणार नाही. प्रत्येक मादीसोबत किती पिल्ले आहेत आणि ती कोणत्या वयाची आहेत, हे तीन रकान्यांत लिहा: नुसती लव असलेली, पिसे फुटू लागलेली, आणि आकाराने आईएवढी पण अजून न उडणारी. पहिल्या रकान्यात आकडे आहेत आणि तिसऱ्यात नाहीत, तर घरटी होत आहेत पण खाद्य किंवा आडोसा कमी पडतो आहे. पहिलाच रकाना रिकामा, तर घरटीच बुडत आहेत किंवा होत नाहीत. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत, हेही त्याच तारखेसमोर लिहीत चला.